आमच्या हौदातली राणी

आमच्या गावात कुठलीही राणी कधीही आंघोळीला आलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. माझा इतिहासाचा अभ्यास दांडगा आहे म्हणून नव्हे. शाळेत इतिहासात मी काठावर पास होत आलो आणि नंतरही आमचे संबंध काही सुधारले नाहीत. पण गावच्या पाण्याचा माझा अभ्यास आहे. विहिरी सगळ्या खारट. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि डोक्यावरून आंघोळ केली तर केस काथ्यासारखे उभे राहतात. गोडं पाणी टँकरने येतं, तेही टँकरवाल्याची मर्जी असेल तर. असल्या ठिकाणी मुद्दाम न्हायला येणारी राणी डोक्यानेच अधू असली पाहिजे.

तरी आमच्या शाळेच्या मागे आज हिरवी पाटी उभी आहे: ‘राणीचा हौद. ऐतिहासिक वारसा. येथे कचरा टाकू नये.’ यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे, आणि पाळत तेही कोणी नाही.

गाव तारापूरच्या किनाऱ्याला, दांडीच्या शेजारात; ही मिठाच्या सत्याग्रहाची दांडी नव्हे. पुढे समुद्र, मागे बोईसरच्या कारखान्यांच्या चिमण्या. त्यातल्याच एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअरला आहे. म्हणजे पोत्यांवर लक्ष ठेवतो. सासुरवाडीत सांगताना मात्र ‘केमिकल लाइनमध्ये’ असं म्हणतो. बायको गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव तिला बाई म्हणतं. मीही तिच्याशी वाद हरायला लागलो की बाईच म्हणतो.

हौद म्हणाल तर एक गोल, छातीइतका खोल खड्डा, आतून चुन्याचा गिलावा, शेजारी दगडांची पडकी भट्टी. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी बांधून घेतलेला. नायलॉन येण्याआधी जाळी सुताची असत, आणि सुताचं जाळं समुद्रात कुजतं. म्हणून ऐनाच्या झाडाची साल भट्टीवर उकळायची, तो तांबडा काढा हौदात ओतायचा आणि त्यात जाळं मुरत ठेवायचं. मुरलेलं जाळं टिकायचं. साल आणायची डोंगरातली माणसं, भारे बांधून, आणि जाताना न्यायची सुकी मासळी. एवढीच गोष्ट. तीत तलवार नाही, तोफ नाही, कोणी कोणावर चाल करून येत नाही. पुढे नायलॉन आलं आणि हौद रिकामा पडला. मग त्यात पावसाळी बेडूक आले, फाटक्या टोपल्या आल्या, दर हिवाळ्याला गल्लीतल्या एका कुत्रीचं बाळंतपण होऊ लागलं. आतल्या भिंतीवर तांबडा-काळा डाग राहिला, तो मात्र इतक्या पावसाळ्यांत धुऊन गेला नाही.

तर वरून आदेश आला. प्रत्येक प्राथमिक शाळेने आपल्या परिसरातलं एक ऐतिहासिक स्थळ निवडावं, त्याच्या आधारे चौथीला परिसर अभ्यास शिकवावा, त्याचं चित्रीकरण करून पाठवावं, आणि निवडक शाळांना पाहुणे भेट देतील. त्यासाठी पालघरला प्रशिक्षण. बायको गेली आणि संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाली, “दिवसभर स्थानिक इतिहासावर बोलले.”

“मग चांगलंय की.”

“पडद्यावर चित्रं सगळी राजस्थानची.”

“जेवण?”

“पंजाबी.”

असं आमचं स्थानिक. तिथे एक मार्गदर्शक होते. जाकीट, खांद्याला शबनम, बोलताना डोळे मिटायची सवय. ‘परिसर हीच पाठशाळा’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मागच्या रांगेतल्या गुरुजींना त्याच्यावर डुलकी लागली. बाकीच्या शाळा मात्र निर्धास्त होत्या. तारापूरला किल्ला आहे, शिरगावला आहे, केळव्याला आहे. किल्ला असला की शिक्षकाला शिकवावं लागत नाही, असा एक समज आहे. पोरांना टोप्या घालायच्या, तटाला टेकवून उभं करायचं, घोषणा द्यायला लावायच्या आणि फोटो काढून परत आणायचं. किल्ला कोणी बांधला, त्यासाठी दगड कोणी वाहिले, गाव तेव्हा काय खात होतं, हे विचारायची सोय त्या सहलीत नसते. बस थांबलेली असते.

आमच्याकडे किल्ला नाही. याचं गावाला पिढ्यान्‌पिढ्या दुःख. माझा चुलतभाऊ ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, बोटीचा मालक आहे आणि दुःखी होण्यात गावात पहिला. तो म्हणतो, “सातपाटीचं नाव मुंबईपातुर, तारापूरला किल्ला, आन् आपल्याकडं काय? वास.”

बायकोने मात्र हौद निवडला. मला वाटलं, नाइलाजाने. पण नाही, पाठ तिने असा काही घेतला की मी कारखान्यातून हाफ डे टाकून खिडकीशी उभा राहून ऐकला. आमच्या चौथीत काही पोरं कोळीवाड्यातली आणि काही डोंगरातल्या कुटुंबांची. त्यांचे बाप हंगामात आमच्याकडच्या बोटींवर खलाशी म्हणून येतात, पावसाळ्यात आपल्या भाताच्या तुकड्याकडे परत जातात. बाईंनी पोरांना फक्त एक काम दिलं होतं: घरी विचारून या, आपल्यातल्या कोणी हा हौद वापरला का. दुसऱ्या दिवशी वर्गात भांडणच लागलं. डोंगरातली एक पोरगी कमरेवर हात ठेवून कोळ्याच्या पोराला म्हणाली, “आमच्या पनज्यानं साल आनली नसती ना, तं तुमचं जाळं कुजलं असतं!”

“आन् आमचं सुकं नसतं तर तुमी नुस्ता भात खाल्ला असता, कोरडा!”

“भात तरी कोनाचा? आमचाच ना!”

बायको घरी येऊन म्हणाली, “आज व्यापार शिकवून झाला. मी तोंडसुद्धा उघडलं नाही.” तिला इतकी खूश मी शेवटची कधी पाहिली होती ते आठवेना, लग्नात तर नक्कीच नाही.

मग मार्गदर्शक पाहणीला आले.

मी त्या दिवशी चहाचा ट्रे धरायच्या जबाबदारीवर होतो, त्यामुळे इतिहास घडताना मला जवळून बघायला मिळाला. मार्गदर्शकांनी हौदाभोवती एक फेरी मारली. वाकले. गिलाव्यावर बोटांनी टकटक केलं आणि कान दिला. हौद काही बोलला नाही. मग ते डोळे मिटून म्हणाले, “हं.”

चुलतभाऊ पुढे सरकला. “सायब, जुना हाय ना?”

“जुना तर आहेच. गोलाकार रचना, चुन्याचा गिलावा… स्नानकुंड असू शकेल.”

“म्हंजे राजाबिजाचं?”

“राणीचं म्हणा. स्नानकुंडं बहुधा राण्यांसाठी असत.”

“राणी आलती हितं?”

“पुरावा नाही. पण शक्यता नाकारता येत नाही.”

मी ट्रे सांभाळत म्हटलं, “सर, हा जाळी रंगवायचा हौद आहे. माझ्या आजोबांनी बांधलेला. ही शेजारी भट्टी बघा ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तापात बडबडणाऱ्या माणसाकडे डॉक्टर बघतात तसं. “राणीला गरम पाणी लागत असेल.”

“आणि आतला हा तांबडा डाग?”

“उटणं,” ते म्हणाले आणि चहाचा कप उचलला. “तुम्ही सांगताय तशा लोककथा गावोगाव असतात. त्याही जपल्या पाहिजेत.”

एका कप चहात माझे आजोबा लोककथा झाले आणि राणी इतिहास झाली. बिस्किटं तर अजून यायची होती.

‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शब्द संध्याकाळपर्यंत बाजारात पोचले, आणि माशांच्या टोपल्यांशी पोचता पोचता त्यांतली ‘शक्यता’ गळून पडली. रात्री गावाला राणी मिळालेली होती. आता प्रश्न एवढाच उरला की कुठली. त्यासाठी शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. प्रत्येक आळीची स्वतःची राणी तयार होती, आणि दुसऱ्या आळीची राणी आपल्या हौदात उतरली हे कोणालाच खपेना. आवाज चढले. एकाने दुसऱ्याच्या राणीची जात काढली. मला हसू येत होतं, पण ते मी दाढेखाली दाबून धरलं. अशा बैठकांत हसणाऱ्याला मारायला सगळ्या आळ्या एक होतात. शेवटी माझ्या चुलतभावाने तोडगा काढला.

“पोर्तुगीज करा. पोर्तुगीज आपल्यात कोनाचेच सोयरे नाय.”

टाळ्या पडल्या. गावात सलोखा राहावा म्हणून समुद्रापलीकडून राणी आणायची, हा मुत्सद्दीपणा भल्याभल्यांना जमला नसता. मी विचारलं, “बाई एवढी बोटीतून आली, तर न्हायला आमच्या खाऱ्या विहिरीवर कशाला येईल?”

मग मागून कोणीतरी म्हणालं, “तवा गोड असल.”

परतताना मी चुलतभावाला गाठलं. “अरे, तुझ्यामाझ्या आजोबांनी बांधलाय तो. तुला ठाऊक आहे.”

“हाय ना ठाऊक. पन दादा, रंगाच्या हौदाला रस्ता कोन देल? राणीला देतील. तू कंपनीत रंगात असतोस, तुला जिथंतिथं रंगच दिसतो.”

हे त्याने प्रेमाने म्हटलं, हे जास्त लागलं.

इथवर सगळी गंमत होती. मग दोन गोष्टी ठरल्या आणि गंमत संपली. पहिली: पाहुण्यांच्या भेटीआधी हौदाचं ‘सुशोभीकरण’, म्हणजे आतून निळ्या चकचकीत टाइल्स. बोईसरहून मिस्त्री माप घ्यायला आला तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन अगदी आपुलकीने सांगितलं, “सेठ, रानी का बाथरूम है तो एंटी-स्किड डालो. गिर जाएगी बेचारी.” त्या सगळ्या प्रकरणात राणीच्या जिवाची काळजी असलेला तो एकटाच.

दुसरी गोष्ट म्हणजे नाटुकलं. पाहुण्यांसमोर चौथीची मुलं राणीचं स्नान सादर करणार. राणी चुलतभावाची मुलगी, कारण ती गोरी आणि बाप सदस्य. आणि डोंगरातल्या पोरी दासी. कोणीतरी सुचवलं, “त्यांच्या डोक्यावर हंडे द्या. सवय हाय त्यांना.” आणि कोणाला काही खटकलं नाही. हे सगळं बाईंनी बसवायचं, लिहायचं आणि शिकवायचं.

त्या संध्याकाळी बायको भाकऱ्या थापत होती आणि परातीचा आवाज शेजारच्या घरात जात होता. मी शहाण्यासारखा लसूण सोलत होतो. शेवटी तीच बोलली.

“त्यांच्या पणज्यांनी साल वाहिली, हे मी महिनाभर शिकवलं. आता म्हणायचं, नाही गं, तुम्ही हंडे वाहत होता. कोणाचे? जी कधी नव्हतीच तिचे. आणि ते माझ्याच तोंडून.”

“नाही म्हणून सांग.”

“सांगितलं. केंद्रप्रमुख म्हणाले, बाई, वाद नको, एका दिवसाचा पाठ आहे. मी नाही केलं तर दुसऱ्या कोणाकडून करून घेतील. आणि टाइल्स बसल्या की संपलं. पुढच्या चौथीला मी काय दाखवू? तो डागच तेवढा आहे आपल्याकडे.”

मी पुरुषासारखा उठलो आणि जे करण्यासारखं होतं ते केलं: गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. आजोबा, साल, भट्टी, नायलॉन, सगळं. ‘आपला खरा इतिहास विकू नका’ हा शेवट मला स्वतःला फार आवडला होता. उत्तरादाखल एक अंगठा आला, गुलाबाच्या फुलासह एक सुप्रभात आली, आणि एकाने विचारलं, कंपनीत पोराला चिकटवता येईल का. तेवढ्यावर माझी चळवळ संपली.

मग मला आईची आठवण झाली. हौदावर प्रत्यक्ष काम केलेलं आमच्या घरातलं आता तेवढंच माणूस उरलंय. लग्न होऊन आली तेव्हा शेवटची सुती जाळी रंगत होती. मी विचार केला, ग्रामसभेत आई उभी राहिली की खेळ खल्लास. तिला मी हाताला धरून नेलं. चांगलं लुगडं नेसून आली, केसात फूल घालून. ग्रामसभेत मी खाकरून म्हणालो, “जिने हाताने साल कालवली ती माझी आई इथे बसलीये. तिलाच विचारा.”

चुलतभावाने विचारलं, “काकी, काय हुतं गो तिथं?”

आईने पदर सावरला. सगळ्यांकडे बघितलं. आणि म्हणाली, “राणीच आली असल.”

सभेत हशा पिकला. मी इतका लाल झालो की माझ्यातच कोणी जाळं मुरत घालावं.

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. “आई, खोटं का बोललीस?”

“खोटं?” ती पायरीवर बसली आणि मलाच फैलावर घेतलं. “तुला काय रं ठाऊक. कोपरापातुर काळं हात माजं. घासून घासून कातडी गेली पन रंग नाय गेला. बाजारात बोयसरच्या बाया मासली घेताना म्हनायच्या, तू नको देऊस, दुसरीला देऊ दे. लग्नाकार्याला गेली तं पंगतीत हात पदराखाली. आन् तुजी बायको सांगती पोरांना, हा आपला इतिहास. कसला इतिहास? वास यायचा त्याला. आता राणी न्हाली म्हनतात त न्हाऊ दे. माजी शोभा होते काय त्यानं? बरं झालं उलट.”

आत बायको ऐकत होती. मला वाटलं, आता तिचा धीर सुटणार, साक्षीदारच फुटला. पण ती बाहेर आली, आईच्या शेजारी पायरीवर बसली. मग हलकेच म्हणाली, “आत्या, हे मला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक असून काय करनार हुतीस?”

“हेही शिकवलं असतं.”

आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग मला म्हणाली, “हिची शाळा सुटतच नाय का काय?”

पुढचे काही दिवस बायको मला फारसं काही सांगेना. शाळेतून येताना तिच्या पिशवीत सुती दोऱ्याची बंडलं दिसायची. मग एका खलाशाच्या बायकोने गावाहून साल आणली. त्यांच्याच बांधावरचं ऐन वाऱ्याने पडलं होतं, त्याची. कोळ्यांच्या पोरांनी गाठी मारायला शिकवल्या, डोंगरातल्या पोरी पटापट शिकल्या, आणि चौथीने मिळून एक जाळं विणलं. त्याच्यातून देवमासासुद्धा आरामात निघून गेला असता. पण जाळं म्हणजे जाळं. हौदातल्या टोपल्या आणि गाळ बाहेर निघाला. भट्टी मी रचली, म्हणजे दोनदा पडल्यावर शाळेतल्या गुरुजींनी रचली आणि मी शेजारी उभा राहिलो. साल उकळली. तो कडवट, ओल्या लाकडाचा वास गावभर गेला तेव्हा आईने आमच्या घराची खिडकी धाडकन लावून घेतली. काढा थंड झाल्यावर चौथीने त्यात जाळं सोडलं आणि हातांनी दाबदाबून बुडवलं.

दुसऱ्या सकाळी चुलतभाऊ मिस्त्रीला आणि टाइल्सच्या टेंपोला घेऊन हजर. हौदात बघून त्याचे डोळे विस्फारले. “वयनी, हे काय?”

“जाळं मुरतंय.”

चुलतभाऊ एक पाऊल मागे सरला. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे सालीत मुरत असलेल्या जाळ्याला परक्याने हात लावायचा नसतो. ज्याचं जाळं त्यानेच काढायचं, आणि तेही मुरलं म्हणून त्यानेच ठरवायचं. मधेच दुसऱ्याने उपसलं तर उपसणाऱ्याची बोट रिकामी येते, असं मानतात. सुताची जाळी जाऊन जमाना झाला, मानणं काही गेलं नाही. माझ्या चुलतभावाच्या बोटीवर उपग्रहाचं यंत्र आहे, मासळी दाखवणारा पडदा आहे, वायरलेस आहे. आणि बोट त्या दिवशी समुद्रात होती.

“कोनाचं जाळं?” त्याने घसा साफ करत विचारलं.

“चौथीचं.”

“मंग चौथीला सांगा की काढा.”

“विचारलं मी. म्हणतात, अजून मुरलं नाही.”

“पाव्हणे परवा येतायत, वयनी!”

“येऊ देत ना. पाहुण्यांना काय, बघायलाच यायचंय.”

मिस्त्रीला त्याने दोनदा इशारा केला की तू काढ. मिस्त्रीने बोटींचं काही समजत नसूनही चुलतभावाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ना भैया, आपका मामला है.” टाइल्सचे खोके शाळेच्या भिंतीला लागून उतरले. तासाभरात त्यांच्यावर कुत्री येऊन झोपली. तिची हौदातली जागा गेली होती.

नाटुकल्याचं परस्पर मिटलं. राणीचेच हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. तिच्या आईने डोकं धरलं. “माजी गोरी पोर! लगीन कसं व्हायचं हिचं?” पोरगी मात्र मैत्रिणींबरोबर आळीतून हात पुढे धरून फिरत होती, कोणाचा रंग जास्त चढला याची पोरांत पैज लागली होती. पैज लावत ती सगळी आमच्या दारात आली. आई पायरीवर बसली होती. तिने त्या हातांकडे बघितलं, एकेकाचे हात उलटेपालटे केले आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “लाज नाय मेल्यांना.” मग डोंगरातल्या एका पोरीचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. “हिचा चढलाय,” एवढं बोलून ती आत गेली. मी ओळखलं की पैजेचा निकाल लागला.

पाहुणे आले. हार झाले, नारळ झाले, ‘परिसर हीच पाठशाळा’ झालं. मार्गदर्शकांनी सगळ्यांना हौदाशी नेलं आणि आत तांबडा काढा बघून ते क्षणभर थबकले. क्षणभरच. अशी माणसं थबकून राहत नाहीत, म्हणून तर ती मार्गदर्शक होतात.

“बघा,” ते डोळे मिटून म्हणाले, “राणीच्या औषधी स्नानाचं किती हुबेहूब पुनर्निर्माण!”

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी फोटो काढला. मुख्य पाहुणे खाली वाकले आणि पुढे उभ्या असलेल्या, सालीच्या पणजोबावरून भांडलेल्या त्याच पोरीला लाडाने विचारलं, “सांग बरं बाळ, या हौदात कोण आंघोळ करायचं?”

बायकोची पाठ ताठ झालेली मला मागून दिसली. तिने पोरांना काही पढवलं नव्हतं. राणीबद्दल नाही आणि राणीविरुद्धही नाही.

पोरीने आधी हौदाकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. तिला प्रश्नच जरा वेडगळ वाटला असावा.

“जाळं,” ती म्हणाली.

“जाळं आंघोळ करतं?”

“हां. सालीत. नाय केली तं कुजतं.” आणि मागची सगळी चौथी एकदम, न विचारता, “आमी विणलंय!” मग कोणाच्या पणजोबाने काय आणलं याचा तोच जुना तंटा पुन्हा लागला, पाहुण्यांच्या देखत, मोठमोठ्याने. चुलतभावाची पोरगीही त्यात होती आणि जाळ्याच्या बाजूने होती.

मार्गदर्शक हसले. “मुलं किती कल्पक आहेत बघा.” अहवालातही तसंच आलं म्हणे, उपक्रमाला कल्पकतेबद्दल शाबासकी. ज्या एका गोष्टीत कोणी काही कल्पिलं नव्हतं, तिच्याबद्दल. पाटी त्याच आठवड्यात लागली, राणीच्या नावाची. रस्ता अजून यायचाय. बायकोला म्हटलं, पाटीबद्दल तक्रार करू या. ती म्हणाली, “असू दे. मुलांना वाचता येतं, आणि हौदही समोर आहे. त्यांचं ती बघतील.”

पाहुणे गेल्यावर चौथीने वाजतगाजत जाळं काढलं. संध्याकाळी चुलतभाऊ आला. बोट परत आली होती, बऱ्यापैकी मासळी घेऊन, त्यामुळे सुरात गोडवा होता.

“झालं ना वयनी आता? उद्या मिस्त्रीला बोलवतो.”

“चौथीचं झालं,” बायको वह्या तपासत म्हणाली. “उद्या तिसरीचं जाळं सोडायचंय.”

तो माझ्याकडे वळला. “दादा, तू तरी सांग हिला.”

मी सांगितलं, “भट्टीला लाकडं कमी पडतायत. तुझ्याकडे जुन्या बोटीच्या फळ्या आहेत ना?”

त्याने आम्हां दोघांना मिळून एक शिवी घातली, अर्धीच, कारण आई आत होती. तरातरा निघाला. फाटकापाशी थांबला, परत आला आणि बायकोला विचारलं, “माजा धाकटा तिसरीत हाय. त्याला सूत कसलं आनायचं, जाडं का बारीक?”